मग तिथं कोण बसलं?

२०१२ च्या मार्च महिन्यात मी भर कोर्टात खोटं बोलले. एकच वाक्य होतं. माझं इंग्रजी फारसं चांगलं नाही, साक्षीदार बोलतील ते सगळं मला समजेल याची खात्री वाटत नाही. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, समोरच्या कागदावर काहीतरी खूण केली आणि मला जायला सांगितलं.

न्यू जर्सीत येऊन मला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. मी एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. एखाद्या बॅचमध्ये काही बिघडलं की ते का बिघडलं याचे तीस-तीस, चाळीस-चाळीस पानी अहवाल इंग्रजीत लिहायचे, हे माझं रोजचं काम. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जाब द्यावा लागतो. माझी मुलं माझ्याशी भांडतातसुद्धा इंग्रजीत. तरीही ते वाक्य मी अडखळत, मोडक्यातोडक्या व्याकरणात म्हटलं. कुठं अडखळायचं ते घरून ठरवून आले होते.

हा सल्ला मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळाला होता. ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे साध्या नागरिकांनी खटला ऐकून निकाल द्यायला कोर्टात बसायचं, समन्स आलंय म्हटल्यावर बायका वाणाच्या वाट्या मांडीवर ठेवून उपाय सांगायला लागल्या. कुणी म्हणालं, पोलिसांवर अजिबात विश्वास नाही म्हण, लगेच सोडतात. कुणी म्हणालं, उलटं सांग, ज्याला पकडलंय त्यानं काहीतरी केलं असणारच असं म्हण. सगळ्यांत सोपा उपाय इंग्रजीचा. आपलं नाव बघून, आपले उच्चार ऐकून त्यांना ते खरंच वाटतं.

या बायका वाईट नाहीत. माझं ऑपरेशन झालं तेव्हा यांनीच महिनाभर आळीपाळीनं डबे दिले. शाळेत, देवळात, फूड पँट्रीत हात लावायला सगळ्यांत आधी याच हजर असतात. पण कोर्ट म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट येते, आणि ती आम्ही बॅगेतून बरोबर आणलेली आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ज्या गावात आजोबानं लावलेल्या दाव्याचा निकाल नातू ऐकतो, तिथं ही म्हण खोटी म्हणता येत नाही. इथं आल्यावर मात्र एक फरक कुणाच्या लक्षात येत नाही. इथं ती पायरी फिर्यादी किंवा आरोपी म्हणून चढायची नसते. निकाल द्यायला चढायची असते.

इथली पद्धत थोडक्यात अशी. मतदार याद्या, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा इन्कम टॅक्स भरणारे, अशा नोंदींतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं निघतात. वय अठराच्या वर हवं, अमेरिकन नागरिकत्व हवं, त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहणारा हवा, इंग्रजी वाचता आणि समजता यायला हवी. कायद्याचं शिक्षण लागत नाही. पत्र येतं, त्या दिवशी सकाळी जायचं, एका मोठ्या हॉलमध्ये बसून राहायचं. दिवसाचा भत्ता तेव्हा पहिले तीन दिवस पाच डॉलर. तेवढ्यात पार्किंग आणि कॉफीसुद्धा निघत नसे. मग एखाद्या खटल्यासाठी चाळीस-पन्नास जणांचा घोळका वर कोर्टात नेतात आणि तिथं एकेकाला प्रश्न विचारतात.

त्या सकाळी मी घोळक्यातून आत शिरले आणि आतले सगळे उभे राहिले. दोन्ही बाजूंचे वकील उभे, पोलीस उभा, आरोपी उभा. आमच्यासाठी उभे राहिले होते, हे कळायला मला क्षणभर लागला. आरोपी पंचविशीतला मुलगा होता. शर्टाला अजून घडीच्या रेघा होत्या, नवाच असणार. कानाला हेडफोन, आणि शेजारी दुभाषी बाई. त्याला इंग्रजी येत नव्हतं. कोर्टात जे जे बोललं जाई ते ती बाई हळू आवाजात स्पॅनिशमध्ये त्याच्या कानात सांगत होती.

माझा नंबर पुकारला. मी पेटीतल्या, म्हणजे ज्यूरीच्या कठड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हा खटला ऐकायला तुम्हाला काही अडचण आहे का? मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. त्यानंतर एक-दोन सेकंदांनी दुभाषी बाईचे ओठ हलले. माझं वाक्य तिनं त्याच्या कानात सांगितलं. मुलानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेत राग असता तर मी ती विसरून गेले असते. त्याला वाईट वाटलं होतं, माझ्यासाठी. परक्या देशात भाषा न येणाऱ्या माणसाला काय वाटतं हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत होतं. माझी अडचण खरी आहे असं समजून त्यानं किंचित मान हलवली.

मी साडेअकराला गाडीत बसले. दुपारी ऑफिसला गेले आणि तीन पानांचं एक इंग्रजी पत्र लिहिलं.

रविवारी नेहमीप्रमाणे अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे वडील, तेव्हा शहात्तर वर्षांचे. कोर्टातली हकीकत मी त्यांना गंमत म्हणून सांगितली. कशी सुटले, किती पटकन सुटले. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "मग तिथं कोण बसलं?"

"कुठं?"

"तू उठलीस त्या खुर्चीत गं."

"बसलं असेल कुणीतरी, अण्णा. त्यांच्याकडे भरपूर माणसं असतात."

"हां," अण्णा म्हणाले, आणि आईच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागले.

अण्णा असं का विचारतील हे मला कळायला हवं होतं. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दीड माणूस मावेल एवढा गाळा. हाकेच्या अंतरावर पोलीस ठाणं. आणि ठाण्याजवळ दुकान असलेल्या माणसाच्या नशिबी जे येतं तेच अण्णांच्या नशिबी आलं. पोलिसांना पंचनाम्याला पंच लागत. दोन पंच, गावातले, प्रतिष्ठित, ज्यांचा त्या भानगडीशी संबंध नाही असे. हवालदार ठाण्यातून बाहेर पडला की समोरचा पानवाला फळकुट लावून घ्यायचा, सायकलवाला मागच्या दारानं पसार व्हायचा. सही आज करायची, पण पुढं कधीतरी जिल्ह्याच्या कोर्टात साक्षीला जायचं. दुकान बंद, एसटीचा खर्च, दिवसभर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी कळायचं की पुढची तारीख पडली. शिवाय आरोपीचे नातेवाईक गावातलेच. त्यामुळं पंच मिळत नसत, आणि पोलीस मग ठरावीक दोघा-चौघांना धरत. तीच माणसं दर पंचनाम्यावर. न वाचता सही करणारी. पुढं कोर्टात वकील विचारायचा, आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात, आणि तिथंच पुराव्याचं वजन जायचं. नाहीतर पंच फितूर व्हायचा. सही माझी आहे, बाकी मला माहीत नाही.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. डबा घेऊन दुकानात गेले तर अण्णा ठाण्यात होते, म्हणून तिकडं गेले. टेबलावर चोरीचा मुद्देमाल मांडला होता. तांब्याची घागर, पितळी समया, एक एचएमटी घड्याळ. पंचनामा आधीच लिहून तयार होता. अण्णांनी तो हातात घेतला आणि वाचायला लागले. हवालदार म्हणाला, अहो तेच आहे सगळं, करा सही, मला पुढं जायचंय. अण्णा वाचत राहिले. एके ठिकाणी थांबले. कागदावर लिहिलं होतं, घड्याळ चालू स्थितीत. अण्णांनी ते घड्याळ उचललं, कानाला लावलं. मग चावी दिली, पुन्हा कानाला लावलं. सगळी खोली गप्प. मला अजून दिसतं, डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकणारा माझा बाप, आणि कपाळावर आठ्या घालून उभा राहिलेला तो हवालदार.

"बंद आहे," अण्णा म्हणाले. "चावी देऊनही चालत नाही. तसं लिहा."

"त्यानं काय फरक पडतो?"

"मला काय माहीत काय फरक पडतो. बंद आहे ते बंद लिहा."

खाडाखोड झाली, तिच्यावर सह्या झाल्या, वस्तू कापडात बांधून लाखेची मोहोर लागली. अण्णांचा डबा थंड झाला. त्या एका घड्याळापायी त्यांना तीनदा जिल्ह्याच्या गावी जावं लागलं, सगळं मिळून चार वर्षांत. आई चिडायची. तुम्हालाच कसे सापडतात हो ते, इतर सगळ्यांना पळता येतं ना. अण्णा काही बोलत नसत. त्या खटल्याचं पुढं काय झालं हे मला माहीत नाही, आणि अण्णांनाही ते कधी कुणी कळवलं नाही.

त्या माणसाला मी फोनवर सांगत होते की मी कशी सुटले.

पुढं दोन वर्षांनी मुंबईला गेले होते तेव्हा मामेभाऊ, जो वकील आहे, मला हायकोर्ट दाखवायला घेऊन गेला. लोकमान्यांचा १९०८ चा खटला ज्या दालनात चालला, त्याच्या बाहेर संगमरवरी फलक आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते तो लागला. त्यावरचं वाक्य आपण शाळेत ऐकलेलं असतं. ज्यूरीनं काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, आणि माणसांचं नि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत. शाळेत आम्ही या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पाठ केला. त्या दिवशी फलकासमोर उभी असताना पहिल्यांदा माझं लक्ष "ज्यूरी" या शब्दावर गेलं. कोण होते हे लोक? राहायच्या जागी परत आल्यावर मी वाचायला बसले, आणि मग अमेरिकेत परतल्यावरही बरेच दिवस तेच वाचत होते.

नऊ जण होते. सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला होता "केसरी"तल्या लेखांवर, मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर लिहिलेल्या. "देशाचे दुर्दैव" आणि "हे उपाय टिकाऊ नाहीत". लेख मराठीत, वाचक मराठी, लिहिणारा मराठी. सरकारनं स्पेशल ज्यूरी, म्हणजे वेगळ्या, निवडक यादीतली ज्यूरी मागितली. टिळकांच्या बाजूनं जोसेफ बॅप्टिस्टांनी हरकत घेतली की स्पेशल ज्यूरीत युरोपियनच जास्त येतील, आणि या खटल्यात तर मराठी जाणणारी माणसं हवीत. न्यायमूर्ती दावर यांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. (हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांचे वकील होते, त्यांनीच तेव्हा जामीन मिळवून दिला होता.) म्हणजे मराठीत काय लिहिलंय हे ठरवायला जे बसले, त्यांना मराठी येणं ही अटच नव्हती. त्यांच्या हाती भाषांतरं होती. टिळक स्वतःचा बचाव स्वतः करत होते. एकवीस तासांहून जास्त बोलले ते, दिवसांमागून दिवस, आणि त्यातला मोठा भाग या भाषांतरांनी मूळ शब्दांचं काय केलंय हे समजावण्यात गेला.

"दुर्दैव" हा शब्दच घ्या ना. आपल्याकडं घरातलं कुणी गेल्यावर ओट्यावर बसलेली म्हातारी हा शब्द उच्चारते. त्यात डोक्याला लावलेला हात आहे. हे भाषांतरात कसं उतरणार, आणि उतरलं तरी ते ज्यूरीतल्या साहेबाला कसं ऐकू येणार?

२२ जुलै १९०८. रात्र झालेली. ज्यूरी आत गेली आणि तासाभराहून थोड्या जास्त वेळात परत आली. सात विरुद्ध दोन, दोषी. तेव्हा बहुमत पुरत असे. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. त्याआधी १८९७ मध्येही असंच. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय, निकाल सहा विरुद्ध तीन. दोन्ही वेळा आकडे असे जुळतात की खटला ऐकण्याची गरज होती का, असं वाटावं. १९०८ च्या शिक्षेनंतर गिरणी कामगारांनी मुंबई बंद पाडली, सहा वर्षांसाठी सहा दिवस.

मला त्या रात्री झोप आली नाही. टिळकांसाठी कोर्टात मागितलेली गोष्ट फार मोठी नव्हती. माझी भाषा समजणारी माणसं तिथं बसवा, एवढीच. ती मिळाली नाही. आणि शंभर वर्षांनंतर एका खोलीत मला ती भाषा येत होती, मला बसवलंही होतं, आणि भाषा येत नाही असं सांगून मी उठून आले होते.

ज्यूरीचं नाव काढलं की आपल्याकडं कुणीतरी नानावटी खटला काढतोच. १९५९ साल. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरावर, प्रेम आहुजावर, गोळ्या झाडल्या. "ब्लिट्झ" साप्ताहिकानं नानावटींची बाजू अशी काही लावून धरली की अख्खं शहर त्यांच्या बाजूचं झालं. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं धाडलं. तिथं जन्मठेप झाली, सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. या खटल्यामुळं भारतातली ज्यूरी बंद झाली असं सर्रास म्हणतात. ते तितकंसं खरं नाही, ज्यूरी आधीपासूनच एकेक राज्यातून कमी होत चालली होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. पारशी विवाहाच्या कोर्टात मात्र डेलिगेट म्हणून समाजातली पाच माणसं अजून न्यायाधीशांबरोबर बसतात. मला या सगळ्यात ओढ वाटते ती त्या एका नवव्या माणसाची. सगळं शहर एक बोलत असताना आत बसून वेगळं मत देणाऱ्याची. त्यानं पुरावा ऐकला होता एवढं तरी नक्की म्हणता येईल.

बाहेर जे चाललंय ते बाहेर ठेवून आत यायचं, हे बोलायला सोपं आहे. अमेरिकेच्या घटनेतल्या सहाव्या दुरुस्तीत, १७९१ पासून, निःपक्षपाती ज्यूरीचा हक्क लिहिलेला आहे. पण १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला मारणाऱ्या दोघांचा खटला चालला, तेव्हा ज्यूरीत बाराच्या बारा गोरे पुरुष होते. काळ्या लोकांना मतदार होऊ देत नसत, त्यामुळं त्यांची नावं यादीतच येत नसत. स्त्रियांना तर तिथं ज्यूरीत बसायची परवानगीच नव्हती. तासाभरात दोघं निर्दोष सुटले, आणि काही महिन्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन त्यांनी खून कबूल केला. आपले लोकही त्या कठड्याबाहेरच होते. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असं ठरवलं. १९४६ मध्ये कायदा बदलेपर्यंत ते दार बंद होतं, आणि नागरिक नाही तो ज्यूरर नाही. ज्या खुर्चीवरून मी उठले तिच्यावर बसायचा हक्क माझ्यासारख्या चेहऱ्याला नव्हता, आणि तो कुणीतरी भांडून मिळवला होता.

लहान मूल घरी असलेली आई, तासावर पगार मिळणारा माणूस, आजारी म्हाताऱ्याला सांभाळणारी मुलगी, यांना असल्या भत्त्यावर आठवडाभर बसवणं हा अन्यायच आहे आणि तो भत्ता वाढला पाहिजे. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतेय माझ्यासारख्यांबद्दल, ज्यांचा पगार कापला जात नाही, ज्यांना फक्त कंटाळा टाळायचा असतो. आम्ही उठत गेलो की मागं निवृत्त माणसं उरतात, सरकारी नोकरीतली उरतात, आणि काही अशीही उरतात ज्यांना त्या कठड्यात बसायची फारच इच्छा असते. २०१७ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टापुढं कोलोरॅडोतलं एक प्रकरण आलं. ज्यूरीच्या बंद खोलीत एक ज्यूरर म्हणाला होता की आरोपी मेक्सिकन आहे म्हणजे त्यानं हे केलं असणारच. हे बाहेर आलं कसं? त्याच ज्यूरीतल्या दोघांनी येऊन सांगितलं म्हणून. ते दोघं जर माझ्यासारखे काहीतरी सांगून घरी गेले असते तर त्या खोलीत काय बोललं गेलं ते कुणालाच कळलं नसतं.

अण्णा २०१६ मध्ये गेले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मला दुसरं समन्स आलं.

या वेळी मी कुणालाच विचारलं नाही. प्रश्नांचा छापील कागद हातात दिला, नंबर घातलेले प्रश्न. तुम्ही काय काम करता, घरात कोण कोण असतं, बातम्या कुठून घेता, टीव्हीवर काय बघता. गाडीच्या मागं काही स्टिकर लावलाय का, असला तर त्यावर काय लिहिलंय, असासुद्धा प्रश्न त्यात असतो. माणूस कसा आहे ते हळूहळू उलगडत नेतात. मग एक प्रश्न आला. साक्षीदार पोलीस अधिकारी असेल तर केवळ तेवढ्या कारणानं तुम्ही त्याच्या साक्षीला जास्त किंवा कमी वजन द्याल का?

सगळे भराभर नाही म्हणत होते. मी हात वर केला आणि एकटीनं बोलायचंय म्हटलं. न्यायाधीशांनी मला जवळ बोलावलं, दोन्ही वकील आले, आणि इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून खोलीत पाऊस पडल्यासारखा सूं आवाज सुरू केला. त्या आवाजात मी त्यांना आमचं ठाणं सांगितलं, आधीच लिहून ठेवलेला पंचनामा सांगितला, एचएमटी घड्याळ सांगितलं. म्हटलं, पोलिसांनी एखादी यादी वाचून दाखवली की मला ते घड्याळ आठवतं. हे तुम्हाला माहीत असावं.

न्यायाधीश जरा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, हे आठवत असतानाही तुम्ही या अधिकाऱ्याचं बोलणं इतर कोणत्याही साक्षीदारासारखंच ऐकू शकाल का? मी लगेच उत्तर दिलं नाही. खरोखर विचार केला. म्हटलं, ऐकू शकेन, पण मला लक्ष ठेवावं लागेल. सरकारी वकिलाला मला काढून टाकता आलं असतं, कारण न देता. त्यानं काढलं नाही. मला सात नंबरची खुर्ची मिळाली.

खटला घरफोडीचा होता, सहा दिवस चालला. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही, ज्यूरीच्या खोलीत काय झालं तेही नाही. ती खोली ज्यांची होती त्यांचीच राहू दे. एक गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे, तेवढी सांगते. तिसऱ्या दिवशी जप्त केलेल्या वस्तूंबद्दल पोलीस अधिकाऱ्याची उलटतपासणी सुरू होती. बचावाच्या वकिलीणबाई चांगल्या होत्या, एकेक प्रश्न टोचून विचारत होत्या, आणि मध्येच मला जाणवलं की माझी मान डोलतेय. आपल्याकडं कीर्तनात डोलते तशी. त्यांचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी मला उत्तर पटलेलं होतं. मी मान थांबवली. हात मांडीवर घट्ट धरून बसले. पण त्या काही मिनिटांत तो अधिकारी नेमका काय बोलला ते मला सांगता आलं नसतं. मी त्याचं ऐकलंच नव्हतं, आमच्या हवालदाराचं ऐकत होते.

विचारविनिमयाला बसलो तेव्हा ती साक्ष पुन्हा ऐकायची मागणी आम्ही केली. आम्हाला परत कोर्टात नेलं, सगळे पुन्हा उभे राहिले, आणि रेकॉर्डिंग लावलं. या वेळी मी अधिकाऱ्याकडं, वकिलीणबाईंकडं, कुणाकडंच पाहिलं नाही. डोळे मिटले. मान किंचित तिरकी केली. एका प्रश्नाला तो म्हणाला होता, मला आठवत नाही. दुसऱ्याला म्हणाला होता, ती नोंद माझी नाही, सहकाऱ्याची आहे. दोन्ही वाक्यं पहिल्या वेळी माझ्या कानावरून गेली होती. त्यांचा अर्थ कुठल्या बाजूला झुकत होता ते महत्त्वाचं नाही. ती वाक्यं तिथं होती, आणि मला ती दुसऱ्यांदा ऐकू आली.

खटला संपताना आम्ही चौदा जण होतो. न्यायाधीशांनी सूचना वाचून दाखवल्यावर चिठ्ठ्या काढून दोघांना बाजूला ठेवलं होतं. बाराजणांचं एकमत व्हावं लागतं, सात विरुद्ध दोन इथं चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं एकमत झालं. आत गेलो. आरोपी उभा होता. त्याच्या मागच्या बाकावर एक वयस्क बाई बसली होती, तिनं हातातला रुमाल इतका पिळला होता की त्याची दोरी झाली होती. एक नंबरच्या ज्यूररनं निकाल सांगितला. मग क्लार्कनं प्रत्येकाला नंबरानं विचारायला सुरुवात केली, हाच तुमचा निर्णय आहे का. एक, येस. दोन, येस. पाचव्या नंबरचा म्हातारा खाकरला आणि येस म्हणाला. सहा नंबरच्या मुलीचा आवाज कापत होता. मग क्लार्कनं माझ्याकडं पाहिलं.

"ज्यूरर नंबर सेव्हन?"

"येस," मी म्हणाले.

क्लार्कनं कागदावर खूण केली आणि आठव्या नंबरकडं वळला.